चहातली कॅटेचिनं मोजणारा खिशातला सेन्सर: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

आमच्या कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही. बाहेरून नमुने तपासून घ्यायचे तर नंबर लागेपर्यंत बीएस्सीच्या मुलांचं सत्र संपतं. म्हणून रसायनशास्त्र विभागाने फोनला जोडता येणारा छोटा पोटेन्शियोस्टॅट (ठरावीक व्होल्टेज देऊन वाहणारा प्रवाह मोजणारं यंत्र) आणि कार्बनच्या छापील स्ट्रिपांचं पाकीट घेतलं. मी तो जवळजवळ पूर्णपणे चहासाठीच, म्हणजे त्यातली कॅटेचिनं (चहाच्या पानातली पॉलिफेनॉल गटातली तुरट द्रव्यं) पाहायला वापरला आहे, त्यामुळे लिहिते आहे तेही चहापुरतंच.

स्ट्रिप नखाएवढ्या रुंदीची. टोकाला काळा गोल ठिपका, त्याच्याभोवती कार्बनची कड आणि बाजूला चांदीची बारीक रेघ, म्हणजे तिन्ही इलेक्ट्रोड एकाच पट्टीवर. चहा गाळून, बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पातळ करून थेंब असा टाकायचा की तिन्ही भिजले पाहिजेत. मग डीपीव्ही (डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवत प्रवाह मोजणं) लावायचं. मिनिटभरात पडद्यावर टेकडीसारखं पीक उभं राहतं. एकूण पॉलिफेनॉलं मोजायच्या फोलिनच्या पद्धतीत निळा रंग चढायला तासभर थांबून मग ७६५ नॅनोमीटरवर मोजावं लागतं. इथे एका तासिकेत सगळ्या गटांचे नमुने होतात.

खरी मजा ग्राफ वाचण्यात आहे. ईजीसीजी आणि ईजीसी या चहातल्या दोन कॅटेचिनांच्या बी-कड्यावर (रेणूतल्या एका कड्यावर) शेजारी शेजारी तीन हायड्रॉक्सिल असतात, साध्या कॅटेचिनच्या दोन. तीनवाले इलेक्ट्रॉन लवकर सोडतात, म्हणून त्यांचं पीक कमी व्होल्टेजला येतं. कांगड्याच्या ग्रीन टीचं पहिलं पीक ठसठशीत येतं. तेवढ्याच वजनाच्या आसाम सीटीसीचं खुजं, पसरट दिसतं, कारण कारखान्यात पानं चुरडल्यावर पॉलिफेनॉल ऑक्सिडेझने कॅटेचिनांचं ऑक्सिडेशन आधीच करून टाकलेलं असतं आणि त्यातूनच थिआफ्लेविन, थिआरुबिजिन ही काळ्या चहाला रंग देणारी द्रव्यं तयार झालेली असतात. तिथे एन्झाइम जे करतं त्याचीच पहिली पायरी इथे काळ्या ठिपक्यावर व्होल्टेज करतं. पुस्तकातून हे शिकवताना मुलांचे चेहरे कोरे असायचे. ग्राफ पाहिल्यावर प्रश्न येतात, आणि चांगले येतात.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी ॲपबद्दल. ते मोठ्या अक्षरात ‘कॅटेचिन, मिलिग्रॅम प्रति लिटर’ असा एकच आकडा दाखवतं. हे बरोबर नाही. त्या पिकात ईजीसीजी, ईजीसी, गॅलिक ॲसिड सगळे एकत्र आलेले असतात. आकडा वाचायचा तर ‘अमुक इतक्या कॅटेचिनएवढी ऑक्सिडेशन क्षमता’ असा वाचावा. आयएसओ ११२८७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ग्रीन टीत एकूण कॅटेचिनं किमान ७ टक्के लागतात. ती अट पाळली जाते का हे या यंत्रावरून ठरवू नका, त्याला एचपीएलसीच लागतं.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाची. स्ट्रिपवरचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा आहे, तो द्रावणातल्या क्लोराइडवर चालतो. बफरमध्ये ठरलेल्या प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड घातलं नाही तर पीक जागा सोडतं. पत्रकात याबद्दल एक ओळ नाही. आम्ही ०.१ मोलर घालतो, पीक स्थिर राहतं. पीएचही सांभाळावा लागतो, एका अंकाने बदलला की पीक साधारण ५९ मिलिव्होल्टने सरकतं.

‘स्ट्रिप धुऊन पुन्हा वापरा’ असं विक्रेते सांगतात. चहासाठी तरी तसं करू नका. ऑक्सिडेशननंतरची क्विनोनं एकमेकांना जोडून ठिपक्यावर थर धरतात आणि दुसऱ्याच स्कॅनला पीक बसतं. एक नमुना, एक स्ट्रिप. त्यामुळे यंत्र एकदाच घेतलं तरी पाकिटांचा खर्च दर सत्राला येतो, तो बजेटमध्ये आधीच धरा.

लिंबू पिळलेल्या चहाचं रीडिंग घेऊ नका. व्हिटॅमिन सीचं पीक जवळपास त्याच जागी येतं आणि आकडा फुगतो. दुधाचा चहाही नको, दुधातलं केसिन हे प्रथिन पॉलिफेनॉलांना धरून ठेवतं. कॅफीन पाहायचं असेल तर त्याचं पीक १.४ व्होल्टच्या आसपास येतं, तिथे साध्या कार्बनवर पाण्याचंच ऑक्सिडेशन आड येतं.

पदवीच्या प्रयोगशाळेने हा सेन्सर नक्की घ्यावा. माल घेताना एका लॉटची दुसऱ्या लॉटशी तुलना करायची असेल, तर चहा पॅक करणाऱ्या छोट्या व्यावसायिकालाही चालेल. फक्त पाणी, वजन, उकळीनंतरची मिनिटं तीच ठेवायची (आम्ही २ ग्रॅम, १०० मिली, ६ मिनिटं धरतो) आणि स्ट्रिपांचं नवं पाकीट उघडलं की गॅलिक ॲसिडचा कॅलिब्रेशन ग्राफ (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून मोजणी जुळवून घेणारा) नव्याने काढायचा. पाकिटावर ‘ईजीसीजी इतकं’ छापायला आकडा हवा असेल, तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. ऑर्डर देण्याआधी ॲपमधून कच्चा ग्राफ सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, हे लेखी विचारून घ्या. आमच्या यंत्रात येतो, आणि आमचं सगळं काम त्या फाइलवरच चालतं.