आईबाबांच्या घरी कॉर्डलेस लावायचा की सिमवाला फोन?

घरात वयस्कर आईवडील आहेत, मोबाईल आहे पण तो कधी पिशवीत असतो कधी सायलेंटवर, म्हणून मोठ्या बटणांचा आणि मोठ्याने वाजणारा एक घरचा फोन हवाय, अशा लोकांपुढे सध्या मुख्यतः दोन रस्ते आहेत. एक म्हणजे फायबरच्या कनेक्शनसोबत मिळणारी लँडलाईन घ्यायची आणि तिला कॉर्डलेस जोडायचा. दुसरा म्हणजे टेबलावर ठेवायचा सिमकार्डवाला फोन, पूर्वी टाटा इंडिकॉमचा वॉकी असायचा ना, त्याच जातीचा, फक्त आता त्यात साधं जीएसएम सिम जातं. साताऱ्याच्या आमच्या घरी दोन्ही वापरून झालेत, आधी सिमवाला होता, आता कॉर्डलेस आहे. प्रत्येक घर वेगळं, त्यामुळे माझंच खरं असं नाही, पण निवड करताना कुठे बघायचं तेवढं तरी यातून कळेल.

सिमवाल्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वायरिंग नाही, कुणाला बोलवायला लागत नाही, सिम टाकलं की चालू. बहुतेक सेटमध्ये आत बॅटरी असते त्यामुळे लाईट गेली तरी काही तास चालतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते काय सांगायचं. जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाईनला हा प्रश्नच नव्हता, 48 व्होल्ट एक्स्चेंजमधूनच यायचे, घरात अंधार असला तरी साधा वायरवाला फोन वाजायचा. फायबरमध्ये ते गेलं. काचेच्या तारेतून वीज येत नाही, त्यामुळे भिंतीवरचा फायबरचा डबा बंद पडला की लँडलाईन बंद, आणि वर कॉर्डलेसच्या बेसलाही, म्हणजे हँडसेट ज्यावर ठेवतो त्या स्टँडलाही, स्वतःचा प्लग लागतो, म्हणजे दोन वस्तूंना बॅकअप द्यावा लागतो. घरी इन्व्हर्टर असेल तर विषय संपला. नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, पण तो बहुतेक 12 व्होल्टचा असतो आणि कॉर्डलेसच्या बेसला साधारण साडेपाच ते साडेसहा व्होल्ट लागतात, त्यामुळे पिन बसली म्हणून त्यातच बेस जोडू नका, जळेल. अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचून मगच काय ते करा.

एवढं सगळं सिमच्या बाजूने असताना मी कॉर्डलेसकडे का गेलो, तर बाबांच्या कानाच्या मशीनमुळे.

बाबा कानामागे बसणारं मशीन वापरतात. सिमवाला फोन कानाला लावला की त्यांना समोरच्याच्या आवाजाबरोबर एक सतत टर्रर्र ऐकू यायचं, आपण मोबाईल स्पीकरजवळ ठेवला आणि कॉल यायला लागला की स्पीकर जसा गुरगुरतो ना, अगदी तेच, फक्त इथे ते थेट कानात आणि बोलणं संपेपर्यंत. आम्हाला बाकी कुणाला काहीच ऐकू यायचं नाही, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाटलं मशीनच बिघडलंय, ते तपासून आणलं, ठणठणीत होतं. बाबा काय करायला लागले तर फोन आला की मशीन काढून ठेवायचे आणि मग काहीच ऐकू यायचं नाही म्हणून "आईशी बोल" म्हणून रिसीव्हर तिच्या हातात द्यायचे. आईकडूनच त्यांची खुशाली कळायची. फोन घेतला होता तो मुळात त्यांच्याशी बोलता यावं म्हणून, आणि त्याच फोनमुळे त्यांनी बोलणं सोडलं, हे मला फार लागलं.

कारण नंतर समजून घेतलं. आमचा सिमवाला सेट 2जी, म्हणजे जुन्या पिढीच्या मोबाईल नेटवर्कवर चालणारा. 2जी फोन सलग रेडिओ लहरी सोडत नाही, तुकड्या-तुकड्यात सोडतो, सेकंदाला साधारण 217 वेळा, आणि ही धडधड मशीनमधल्या सर्किटला लागते आणि आवाज बनून बाहेर येते. त्यात 2जी फोन जोर लावला तर 2 वॅटपर्यंत जातो, आणि टॉवरचा सिग्नल जेवढा कमी तेवढा तो जास्त जोर लावतो. आमचं घर जुन्या पेठेत, दीड-दोन फुटी दगडी भिंती, आत रेंज यथातथाच, म्हणजे आमच्याकडे तो सेट बहुतेक वेळ जोर लावूनच बोलत असणार. खिडकीशी ठेवला की टर्रर्र थोडं कमी व्हायचं पण मग फोन कायम त्या खिडकीशीच, आणि स्वयंपाकघरातून आईला तिथवर जायला वेळ लागायचा, गुडघ्यामुळे, तोवर रिंग संपलेली. नावाला बिनतारी, पण माणसाला एका खुर्चीशी बांधून ठेवणारा.

कॉर्डलेस पण तुकड्यांतच लहरी सोडतो हे खरंय, पण डेक्ट (कॉर्डलेस फोनसाठीचं एक बिनतारी तंत्र) प्रकारच्या कॉर्डलेसची ताकद शिखराला पाव वॅट आणि सरासरी 10 मिलिवॅटच्या आसपास, कारण त्याला टॉवर नाही फक्त पुढच्या खोलीतला बेस गाठायचा असतो. बाबांना कॉर्डलेसवर जवळपास काही ऐकू येत नाही, अगदी शांत खोलीत किंचित घूं येते म्हणतात पण बोलण्याच्या आड येत नाही. हे मी मीटर लावून मोजलेलं नाही, बाबा आता स्वतःहून फोन उचलतात हेच माझं मोजमाप. एक युक्ती मात्र शिकवायला लागली, कानामागच्या मशीनचा माईक कानाच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे हँडसेट कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर धरायचा, लगेच फरक पडतो.

4जी व्होल्टीवाले, म्हणजे 4जी नेटवर्कवरूनच कॉल करणारे टेबल फोन पण आता मिळतात, त्यात हे गुरगुरणं बरंच कमी असायला हवं, पण मी घरी वापरलेला नाही त्यामुळे त्यावर ठाम बोलत नाही. स्वस्तातला साधा सेट बघत असाल तर तो 2जी आहे का नक्की विचारा, कारण जिओकडे 2जी नाहीच, त्यांचं सिम त्यात चालणार नाही.

आता कॉर्डलेस लावताना जिथे लोक अडकतात ते सांगतो. फायबरच्या डब्याला मागे फोनचं वेगळं छोटं भोक असतं, त्यातच वायर घाला. फोनची पिन लॅनच्या, म्हणजे इंटरनेट केबलच्या भोकातही आरामात शिरते आणि मग डायलटोन का नाही म्हणून तासभर जातो. घरातल्या जुन्या टेलिफोन वायरिंगमधून दुसऱ्या खोलीत लाईन न्यायची असेल तर नेता येते, पण आधी बाहेरून आलेली जुनी तार त्यापासून पूर्ण सोडवून घ्या. पूर्वी एकाच तारेवरचा फोन आणि ब्रॉडबँड वेगळा करायला स्प्लिटर नावाची डबी लावायचे, ती आता लागत नाही, काढून टाका. बेस राउटरला चिकटवून ठेवू नका, आणि विशेषतः कॉर्डलेस 2.4 गिगाहर्ट्झचा असेल तर नकोच, वायफायचाही तोच पट्टा आहे, बोलताना तुटक येतं. खोक्यावर डेक्ट लिहिलेला असेल तर तो वेगळ्या पट्ट्यात, 1.9 च्या आसपास चालतो, मी तोच घ्या म्हणेन. आमच्या दगडी भिंतींतून तो मागच्या अंगणापर्यंत पोचतो, गच्चीवर मात्र नाही.

हँडसेटमध्ये दोन छोटे रिचार्जेबल सेल असतात, पहिल्यांदा सात-आठ तास बेसवर ठेवून मगच वापरा. पुढे ते दमले की तसलेच निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, घड्याळाचे किंवा रिमोटचे साधे सेल घालून चार्जिंगला कधीच लावू नका. हँडसेट सापडत नसेल तर बेसवरचं बटण दाबलं की तो वाजतो, हे आईला पहिल्याच दिवशी दाखवा. आणि शक्य असेल तर दोन हँडसेटचा सेट घ्या, एक स्वयंपाकघरात एक पलंगाशी, दुसऱ्याला फक्त चार्जरचा प्लग लागतो, फोनची वायर नाही.

एक कटकट कॉर्डलेसच्या पदरात टाकायलाच हवी. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. सिमवाल्याला हे नाही, तो स्वतःच मोबाईल नंबर. आमच्या सेटवर आलेले नंबर शून्याशिवाय दिसतात, त्यामुळे मिस्ड कॉल बघून आईने हिरवं बटण दाबलं की कॉल लागत नाही, आणि तिला वाटतं मुलाचा फोन बंद आहे. आम्ही घरातल्या सगळ्यांचे नंबर शून्यासकट फोनबुकमध्ये घातले, जवळच्यांचे स्पीड डायलवर टाकले आणि मिस्ड कॉलवरून लावायचंच नाही असं ठरवलं, आता चालतंय. शिवाय फायबरवर नंबर फिरवून झाला की चार-पाच सेकंद शांतता असते, त्यात म्हातारी माणसं फोन ठेवून देतात, तेवढं थांबायची सवय लावावी लागते.

भाड्याच्या घरात राहत असाल, वर्षा-दोन वर्षांनी जागा बदलत असाल, फायबर पोचलंच नसेल किंवा लाईट तासन्‌तास जात असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर सिमवालाच घ्या, मी पण तेच केलं असतं. फक्त रिचार्ज संपायची तारीख तुमच्या स्वतःच्या मोबाईलवर लावून ठेवा, ते काम आईवडिलांवर टाकू नका. पण घरात कुणी कानाचं मशीन लावत असेल तर पैसे द्यायच्या आधी एक करा. एखादा साधा 2जी कीपॅड मोबाईल घ्या, ज्या कोपऱ्यात फोन ठेवणार आहात तिथेच त्यांना बसवा, मशीन चालू ठेवून त्या मोबाईलवर दोन मिनिटं बोलायला लावा, आणि काय ऐकू येतं ते त्यांनाच विचारा.