ट्रॅक्टरचा हूक खाली घ्यायचा, ट्रॉलीचा दांडा बदलायचा की एक्सल?

३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर देऊन ५० एचपीचा घेतला आणि मागं तीच दोन चाकी ट्रॉली लावली, की पहिल्याच खेपेत फरक कळतो. १३.६-२८ च्या जागी १६.९-२८ टायर आलं, तर निव्वळ त्यानंच हूक दोन-अडीच इंच वर जातो. ट्रॉलीचं तोंड वर, बूड खाली. बैलगाडी हाकलेल्या माणसाच्या भाषेत, गाडी उलाळ झाली.

उलाळ ट्रॉली हुकावर बसत नाही, हूक वर उचलू पाहते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि पांदणीतल्या काळ्या मातीत चाक जागीच फिरतं. हूक फार खाली असला तर ओझं जास्त हुकावर येतं, ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. डबल एक्सलच्या ट्रॉलीत हौदा कलला की एकाच एक्सलवर ताण येऊन त्याचेच टायर झिजतात. पुढं फिरती चाकं असलेल्या चार चाकीला ही अडचण नाही. तिचा दांडा बिजागरीवर खालीवर होतो.

काहीही ठरवण्याआधी मोजा, आणि माल भरून मोजा. रिकाम्या ट्रॉलीचे पाटे (एक्सलवरच्या कमानी) आणि टायर दबलेले नसतात, तिथंच बहुतेकांचं चुकतं. आम्ही गावातल्या सिमेंट रस्त्यावर, सोयाबीनची चुंगडी भरून, गवंड्याची पाण्याची नळी चेसिसच्या दोन्ही टोकांना धरली. पुढचं टोक चार इंच वर निघालं. डोळ्यांना ते दीड-दोन इंचच वाटत होतं.

आता पर्याय. पहिला, ट्रॅक्टरला छिद्रांच्या पट्ट्यांचा हूक बसवायचा. बोल्ट काढून हूक एक-दोन छिद्रं खाली घेतला की काम झालं, आणि उद्या भावाची ट्रॉली लावायची तर परत वर नेता येतो. बोल्ट मात्र ८.८ ग्रेडचेच, म्हणजे जास्त ताकदीचेच हवेत. दुकानात साधा बोल्ट स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका, भरलेल्या ट्रॉलीच्या झटक्यानं कापला जातो.

दुसरा, ट्रॉलीच्या दांड्याचा डोळा, म्हणजे हुकात अडकणारं कडं, कापून वर वेल्डिंग करायचा. एकच ट्रॅक्टर आणि एकच ट्रॉली असेल तर हे पक्कं काम आहे. खुळखुळणारं काही राहत नाही. पण सगळी ओढ त्या एका जोडावर येते. नुसता टाका मारून देणाऱ्याकडं जाऊ नका, दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या घालून घ्या. ट्रॅक्टर बदलला की हा खर्च पुन्हा.

तिसरा, एक्सल पाट्यांच्या वरून काढून खाली घ्यायचा. त्यानं बूड वर येतं, आणि सगळी ट्रॉलीच उंच होते. दगडधोंड्यांच्या वाटेला बरं वाटतं, पण कापूस आपण फळ्यांच्याही वर रचतो. आधीच उंच असलेलं ओझं आणखी वर गेलं, की धुऱ्यावरून (बांधावरून) उतरताना ट्रॉली कलंडायला वेळ लागत नाही. कापसाच्या ट्रॉलीला मी हे करू देणार नाही.

माझं मत पहिल्याकडं आहे. आपल्याकडं ट्रॉली एकमेकांकडून मागून आणली जाते, ट्रॅक्टर भाड्यानं जातो, म्हणून बदलता येणारा हूकच कामाचा. वेल्डिंग फक्त जिथं जोडी ठरलेली आहे तिथं.

उंची जुळवायच्या नादात साखळी किंवा ट्रॉली टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी कधीही अडकवू नका. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालवणाऱ्यावर उलटतो. हायड्रॉलिकच्या दोन हातांमधल्या छिद्रांच्या पट्टीवरही भरलेली ट्रॉली नको. हात खाली सरकतात आणि मोजलेली उंची वाटेतच बदलते.

हूक बसवून पहिली भरलेली खेप जिनिंगला टाकून आलात, की नट पुन्हा आवळा आणि पिनची क्लिप बघा.