सीताबर्डीत घेतलेला वाय-फाय अडॅप्टर
नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलेला हा यूएसबी अडॅप्टर विंडोजवर पहिल्याच दिवशी सुरळीत चालला. मात्र लिनक्ससाठी कंपनीने दिलेला मुक्तस्रोत ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) जुन्या कर्नेलपुरताच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीपुरताच, लिहिलेला असल्याने माझ्या नव्या कर्नेलवर तो कंपाइलच होत नाही (स्रोतापासून चालता प्रोग्राम तयारच होत नाही), आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीचा तर खोक्यावर उल्लेखही नाही. स्रोत खुला केला म्हणजे उत्पादकाची जबाबदारी संपली, हे मला मुळीच मान्य नाही. लिनक्स कर्नेलचे अंतर्गत इंटरफेस (ड्रायव्हर ज्यांतून कर्नेलशी जोडला जातो ते दुवे) सतत बदलतात, त्यामुळे मुख्य कर्नेलबाहेर ठेवलेला ड्रायव्हर कोणी सांभाळला नाही तर निकामी होतो. याउलट, एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचा एएमडीजीपीयू हा ग्राफिक्स ड्रायव्हर २०१५ साली लिनक्स ४.२ च्या मुख्य कर्नेलमध्येच समाविष्ट झाला आणि पुढे फ्रीबीएसडीवरही आणला गेला. लिनक्स वापरणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला चिपसेटचे (ज्यावर ड्रायव्हर ठरतो त्या आतल्या चिपचे) नाव अवश्य विचारावे.