आईची लघवीची एसीआर टेस्ट आणि घरच्या पट्ट्या, आठ महिन्यांनंतर

आईला शुगर होऊन अकरा वर्षं झाली. दरवर्षी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) तपासायचो, ०.९ यायचं, आणि किडनी ठणठणीत आहे म्हणून आम्ही निर्धास्त. गेल्या जूनमध्ये डॉक्टर बदलले, त्यांनी लघवीची एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लिहून दिली, तोवर मी हे नावही ऐकलं नव्हतं. ते म्हणाले क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलेलं असू शकतं, अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन मात्र त्याच्या बरंच आधी लघवीतून जायला लागतं. रिपोर्ट आला ८६. पाहिजे ३० च्या आत.

माझी झोपच उडाली. लगेच ऑनलाइन प्रोटीनच्या पट्ट्यांची डबी मागवली, लघवीत बुडवायची, साठ सेकंद थांबायचं आणि डबीवरच्या रंगाशी जुळवायचं. तीन दिवस लागोपाठ पट्टी पिवळीच, म्हणजे निगेटिव्ह! आई म्हणाली, बघ, लॅबवाल्यांचंच चुकलंय, आणि खरं सांगतो, मलाही तेच मानायचं होतं. नशीब डॉक्टरांना फोन केला. साध्या पट्टीला थोडंसं अल्ब्युमिन दिसतच नाही, पाणी जास्त प्यायलं असेल तर लघवी पातळ होऊन ती आणखीनच फसवते. एसीआरमध्ये अल्ब्युमिनला त्याच लघवीतल्या क्रिएटिनिनने भागतात, त्यामुळे पातळ-दाट हा फरक निघून जातो. त्यात पावसाळ्यात डबीचं झाकण एकदा नीट लागलं नाही आणि उरलेल्या पट्ट्या न वापरताच हिरवट पडल्या. पुन्हा घेणार नाही.

एकाच रिपोर्टवरही काही ठरत नाही बरं का. तीन ते सहा महिन्यांत तीनदा करून दोनदा जास्त आली तर खरी धरतात. आमची दुसरी १४० आली, पण तेव्हा आईला लघवीला जळजळ होती, इन्फेक्शन निघालं, डॉक्टरांनी तो आकडा सोडूनच दिला. ताप असताना किंवा आदल्या दिवशी खूप दमछाक झाली असेल तरी आकडा वाढतो. इन्फेक्शन पूर्ण बरं झाल्यावर सकाळची पहिली लघवी दिली, ७९. मग खात्री पटली.

बीपीची गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, ती बीपीसोबत लघवीतून जाणारं अल्ब्युमिनही कमी करते, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघितलं, ठीक होतं. सगळ्यात जड गेलं ते गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणायची ती डायक्लोफिनॅक, किडनीला त्रास देऊ शकणारी दुखण्यावरची गोळी, बंद करणं, वर्षानुवर्षं घेत होती आणि आम्ही घरातल्या कुणीच कधी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं. लोणचं-पापड तिने स्वतःहून सोडलं.

मागच्या आठवड्यात एसीआर ४१ आली. अजून ३० च्या वर आहे, पण आईने रिपोर्ट स्वतः वाचला आणि देवापुढे ठेवला. धाकट्या मामालाही सहा वर्षं शुगर आहे आणि ही टेस्ट एकदाही झालेली नाही, काल त्याला घेऊन गेलो, रिपोर्ट उद्या मिळेल.