दिवाळीत घेतलेलं ‘ओरिजिनल’ आखाजीला बंद पडलं

अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा या पट्ट्यात पत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, हिशेबाची कामं अशी संगणकावर चालणारी छोटी दुकानं ज्यांची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ओरिजिनल सॉफ्टवेअर म्हणून आमच्या दुकानाकडून 46 हजार रुपये घेतले आणि चोरीचा माल गळ्यात मारला. विकणारा अजून गावोगाव फिरतो आहे. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे त्याचं आणि त्याच्या दुकानाचं नाव इथे देत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण त्याच पद्धतीने विकणारे आणखीही असणार.

दुकान अमळनेरला आहे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं. थोरला भाऊ, ज्याला आम्ही आबा म्हणतो, तो आणि वहिनी ते सांभाळतात. मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो. संगणकाचा नाद मला शाळेपासून, आणि दुकानात पैसा दोघा भावांचा आहे.

2024 च्या दिवाळीआधी जळगावचा हा माणूस दुकानात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील माहितीपत्रक. त्याने सुरुवात केली ती विंडोज 10 पासून. ते बंद होणार, तुमचे दोन्ही कॉम्प्युटर ठप्प होतील, ऐन सीझनमध्ये अडकाल. यातलं निम्मं खरं होतं. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केलेलं होतं. पण आधार संपणं म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट थांबणं. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. पुढे तो म्हणाला की तुमच्या जुन्या मशीनवर विंडोज 11 चढणार नाही, आणि तेही खरं होतं. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. असा माणूस फसवताना सगळंच खोटं बोलत नाही. दोन खऱ्या गोष्टी सांगून विश्वास बसवतो आणि तिसरी खपवतो.

आमच्याकडे विंडोज विकत घेत नाहीत, ‘टाकून’ घेतात. पाचशे रुपये दिले की पोरगा येतो, फॉरमॅट मारतो, विंडोज, ऑफिस, पत्रिका-फ्लेक्सच्या डिझाइनचं कोरल, फोटोशॉप सगळं टाकून जातो. त्याच्याकडून दोन नव्या मशीन घ्यायचं ठरलं, पण त्यांवर असलं काही नको, जे घ्यायचं ते रीतसर, बिलासकट, असं आबाने ठरवलं होतं. त्याने विकणाऱ्याला तीनदा विचारलं, ओरिजिनल आहे ना? तिन्ही वेळा हो म्हणून उत्तर आलं. वर ‘लाइफटाइम’ हा शब्द. संगणकांचे पैसे वेगळे, आणि दोन मशीनवरचं विंडोज, ऑफिस आणि कोरल मिळून 46 हजार. भाव बाजारापेक्षा कमी होता, आणि त्याचं कारणही तयार होतं, कंपनीकडून बल्कमध्ये घेतो म्हणून परवडतं.

मशीन चांगली निघाली, तेही सांगितलं पाहिजे. फसवणूक सगळी सॉफ्टवेअरमध्ये होती.

बिलावर एकच ओळ होती, ‘सॉफ्टवेअर पॅकेज, 2 नग’. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणाच्या नावे, सीरियल नंबर काय, काहीही नाही. डबा नाही, कार्ड नाही, ई-मेल नाही. आबाने विचारलं तर म्हणे आता सगळं डिजिटल असतं, कागद येत नाही. डिजिटल असतं हे खरं, पण मग ते खरेदीदाराच्या ई-मेलवर येतं, त्याच्या खात्यात दिसतं. इथे खातंच कुठे नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी गावी आलो तेव्हा दुकानात लग्नसराईची गर्दी होती. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा अशी फिकट अक्षरं उमटली होती. ऑफिसमध्ये फाइल उघडे पण त्यात लिहिता येत नसे. कोरलने तर ही प्रत अधिकृत नाही असं सांगून सेव्ह आणि प्रिंट दोन्ही बंद केलं होतं. लोक पत्रिका न्यायला आलेले, मजकूर पडद्यावर दिसतो आहे आणि छापता येत नाही. वहिनी प्रत्येकाला उद्या या, उद्या या म्हणत होती. ज्या माणसाच्या घरी आठ दिवसांवर लग्न आहे त्याला हे सांगणं किती अवघड असतं ते दुकानदारालाच कळेल.

मी विंडोजची परवान्याची माहिती उघडून पाहिली. त्यात ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ हे शब्द होते. हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची सोय आहे. विद्यापीठ किंवा कंपनी आपल्याच जाळ्यात एक सर्व्हर ठेवते आणि तिथले संगणक त्या सर्व्हरकडून मान्यता घेतात. विंडोजच्या बाबतीत असे किमान 25 संगणक असल्याशिवाय तो सर्व्हर मान्यता देतच नाही. आमच्या दुकानात दोन. म्हणजे या माणसाने मशीनमध्येच खोट्या सर्व्हरचा छोटा प्रोग्राम बसवून विंडोजला फसवलं होतं. अशी मान्यता 180 दिवस टिकते, मधल्या काळात सर्व्हर पुन्हा सापडला नाही तर संपते. दिवाळी ते आखाजी हे अंतर मोजून पाहा. लाइफटाइम म्हणून विकलेल्या मालाचं आयुष्य तेवढंच होतं.

त्याहून मला जास्त राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये त्याने अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळून ठेवला होता, क्रॅक, म्हणजे तो खोटा प्रोग्राम, पकडला जाऊ नये म्हणून. म्हणजे इतके महिने त्या ड्राइव्हवर काहीही येऊन बसलं असतं तरी कोणी हटकलं नसतं. याच संगणकावर गिऱ्हाइकं फोटो पाठवतात, घरच्यांची नावं, पत्ते, फोन नंबर पाठवतात, आणि आबा बँकेचं खातं उघडतो. आम्ही दोन्ही मशीन पूर्ण पुसून नव्याने बसवल्या आणि सगळे पासवर्ड वेगळ्या फोनवरून बदलले. ज्यांच्याकडे असं काही सापडेल त्यांनी नुसता क्रॅक काढून थांबू नये, हेच करावं.

आम्ही जळगावला त्याच्याकडे गेलो. तो बिचकला नाही. “बठ्ठा लोक हाईच वापरतस भाऊ, काही व्हत नही,” म्हणाला, आणि मशीनमागे दीड हजार दिले तर नवीन ‘की’, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायची किल्ली, टाकून देतो म्हणून सांगितलं. हे त्याचं दुसरं उत्पन्न आहे, दर सहामाहीचं. मी लायसन्सचा कागद मागितला तेव्हा म्हणाला की जुनी लायसन्स विकायला युरोपातल्या कोर्टाने परवानगी दिली आहे. स्वस्तात ‘की’ विकणारे बरेच जण हे सांगतात, म्हणून त्यातलं खरं काय ते लिहितो. 2012 साली युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ओरॅकल ही सॉफ्टवेअर कंपनी आणि जुनी लायसन्स विकणारी युजडसॉफ्ट यांच्या खटल्यात म्हटलं की कायमस्वरूपी विकलेलं लायसन्स पुढे विकता येतं, पण पहिल्या मालकाने आपली प्रत निकामी केली पाहिजे. अनेक वापरकर्त्यांसाठी एकत्र घेतलेलं लायसन्स तोडून त्याचे तुकडे विकता येणार नाहीत, हेही त्याच निकालात आहे. तो निकाल भारताला लागू नाहीच, पण लागू धरला तरी या माणसाचा धंदा त्यात बसत नाही. आमच्याकडे तर जुनंसुद्धा लायसन्स नव्हतं.

सॉफ्टवेअर घेताना आपण पडद्यावरचं चित्र घेत नाही, वापरायची परवानगी घेतो. शेत कोण कसतो यावरून सातबारा बदलत नाही, तसंच इथे आहे. प्रोग्राम चालतो आहे यावरून तो आपला ठरत नाही, परवानगी आपल्या नावे कुठे नोंदली आहे ते दाखवता आलं पाहिजे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63 ब आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण दुकानाला ती सवलत मिळणं कठीण. यातला ‘माहीत असून’ हा भाग दुकानदाराने ध्यानात ठेवावा. आबाला माहीत नव्हतं तोवर तो फसवला गेलेला माणूस होता. माहीत झाल्यावरही दीड हजार देऊन तेच चालू ठेवलं असतं तर तो गुन्हेगार झाला असता. विकणाऱ्याची सहामाही किल्ली दुकानदाराला नेमकी तिथे नेऊन उभं करते.

माझं मत कंपन्यांच्या बाजूचं आहे असं कोणी समजू नये. फोटोशॉपवाल्या अडोबीने 2013 पासून एकदाच पैसे देऊन घ्यायचा मार्ग बंद करत आणून महिन्याच्या भाड्याचा रस्ता धरला, तो मला पटत नाही. वर्षातून चार महिने सीझन असलेल्या दुकानाने बारा महिने भाडं का भरावं? पण याला उत्तर द्यायचे रीतसर मार्ग आहेत. पटत असेल तर पैसे देऊन घ्या, पटत नसेल तर नको म्हणा आणि जे खुलं आहे ते वापरा. ही निवड ग्राहकाची आहे. या माणसाने आबाचे पैसे घेतले, त्याहून वाईट म्हणजे ही निवड हिरावून घेतली. आबाला कोणी खरं सांगितलं असतं की कोरलला एवढे लागतील आणि दुसरा मोफत पर्याय हा आहे, तर त्याने शांतपणे विचार करून ठरवलं असतं. त्याने पैसे खऱ्यासाठी मोजले, आणि मिळालं ते रस्त्यावरचा पोरगा पाचशेत देतो ते.

आता दुकानात काय आहे ते सांगतो. दोन्ही मशीनसाठी विंडोज कंपनीच्या साइटवरून, दुकानाच्या खात्यावर घेतलं. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आहे, ते मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळं आहे. पत्र, कोटेशन, हिशेबाचे तक्ते यांत काही अडलं नाही. पत्रिकांसाठी इंकस्केप हे डिझाइनचं मोफत सॉफ्टवेअर शिकलो. वहिनी माझ्याआधी शिकली. इंकस्केपचं उणं असं की छपाईला लागणारे सीएमवायके रंग त्यात नीट सांभाळले जात नाहीत, म्हणून ऑफसेटला जाणारं काम स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करून पाठवतो. कोरलच्या जुन्या फाइली इंकस्केपमध्ये उघडतात, पण सगळ्या जशाच्या तशा उघडत नाहीत.

खरा त्रास फॉन्टचा झाला. वर्षानुवर्षांचे पत्रिकांचे नमुने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात अक्षर ‘ग’ दिसतं, पण फाइलच्या आत इंग्रजी चिन्ह साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसला की गणपतीचा श्लोक म्हणजे नुसता चिन्हांचा कचरा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत. त्यात देवनागरी 1991 पासून आहे, आणि आपल्या छपाईच्या धंद्यातला मोठा भाग अजून त्या कैदेत राहतो आहे. आपण टाइप केलेली मराठी दुसऱ्याच्या किल्लीशिवाय वाचता येऊ नये, हे मला सहन होत नाही. आम्ही नवं सगळं युनिकोडमध्ये करतो. मुक्ता आणि बलू हे ‘एक टाइप’ या संस्थेने बनवलेले फॉन्ट खुल्या परवान्यात मोफत मिळतात आणि पत्रिकेवर, फ्लेक्सवर छान दिसतात. जुने नमुने लागतील तसे वहिनी पुन्हा टाइप करते आहे.

तुमच्या मशीनवर बघायचं असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला लागून डी-एल-आय लिहून एंटर करा. माहितीत ‘रिटेल’ (सुटं विकत घेतलेलं) किंवा ‘ओईएम’ (मशीनसोबत आलेलं) दिसलं तर निदान हा प्रकार नाही. ‘व्हॉल्यूम’ दिसलं आणि तुम्ही कुठल्या मोठ्या संस्थेचा भाग नसाल, तर विकणाऱ्याकडे लेखी खुलासा मागा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर तुमच्या संस्थेच्या सेवेमार्फत मान्यता मिळाली असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थही तोच. अँटिव्हायरसमधली वगळलेल्या जागांची यादीही उघडून बघा. आणि इन्स्टॉल करताना कोणी अर्धा तास अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगितलं, तर तिथेच काम थांबवा आणि पैसे देऊ नका.

तक्रारीचं असं. आम्ही आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवलं, मग वकिलामार्फत नोटीस दिली. नोटिशीला उत्तर आलं की वस्तू दुकानासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून बरेच जण गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यात धरत नाहीत, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. आबा आणि वहिनी स्वतः मशीनवर बसतात. नियमाप्रमाणे बिल न देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणंही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार सरकारच्या ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. आमची जळगावच्या आयोगात दाखल आहे. बिल, माहितीपत्रक, परवान्याच्या पानाचे फोटो आणि ‘लाइफटाइम ओरिजिनल’ लिहिलेला त्याचा मेसेज असं सगळं जोडलं आहे. मशीन पुसण्याआधी हे फोटो काढून ठेवा, नाहीतर पुरावाच जातो.

मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची असते. 2024 च्या दिवाळीत ज्यांनी जळगावहून आलेल्या माणसाकडून ‘सॉफ्टवेअर पॅकेज’ एवढीच ओळ असलेल्या बिलावर माल घेतला असेल, त्यांनी ते बिल शोधून ठेवावं आणि मुदतीच्या आत तक्रार करावी.