पोटाला मुका मार: सीटी, फास्ट की डीपीएल?

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला दुचाकीस्वार रात्री दोनला तालुक्याच्या कॅज्युअल्टीत येतो. नाडी 130, बीपी 80, बाहेर जखम नाही, पोट मात्र ताणलेलं. पोटात रक्तस्राव होतोय का, हे शोधायला कोणती तपासणी करायची, हे मशीन नाही, बीपी ठरवतं.

बीपी टिकून असेल तर सीटीला तोड नाही. शिरेतून डाय देऊन केलेला सीटी पाणथरी (प्लीहा) किती फाटली, रक्त अजून वाहतंय का, पोटामागची मूत्रपिंडं शाबूत आहेत का, हे दाखवतो. त्याच्या भरवशावर कितीतरी ऑपरेशनं टळतात. पण बीपी पडलेल्याला सीटीला नेऊ नका. जत-आटपाडीहून मिरज-सांगली गाठायचं, तर वाटेतच घात व्हायचा.

बीपी पडलेलं असेल तर आधी फास्ट, म्हणजे आत रक्त साचलंय का एवढंच पाहणारी झटपट सोनोग्राफी. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मध्ये, पाणथरीभोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवती प्रोब ठेवायचा, दोन-चार मिनिटांत काम. टोचणं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा बघता येतं. साधारण 200 मिलीपेक्षा कमी रक्त सहसा दिसत नाही, आणि आतडं फुटलेलं सहज निसटतं. लघवीची नळी फास्टनंतर घाला. मूत्राशय रिकामं झालं की ओटीपोटातलं पाणी दिसणं अवघड. खरी अडचण निराळीच: पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्यामुळे मशीन कुणीही वापरू शकत नाही. रात्री ते कुलपात, आणि सोनोलॉजिस्ट घरी!

अशा वेळी डीपीएल, म्हणजे पोट धुऊन पाहणं. 1965 पासूनची ही पद्धत जुनी म्हणून बाजूला पडली, पण सलाइन, नळी आणि सर्जन एवढ्यावर भागतं. आधी रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) आणि लघवीची नळी. इथे मूत्राशय भरलेलं असेल तर तेच भोसकलं जातं. बेंबीखाली मधोमध अ‍ॅड्रेनॅलिनवालं लिग्नोकेन (जागेवरची भूल) टोचून छोटा छेद, त्यातून पोटात नळी. अ‍ॅड्रेनॅलिन नसेल तर कातडीचंच रक्त आत झिरपतं आणि निकाल फसवा येतो. ओटीपोटाभोवतीची (पेल्व्हिसची) हाडं मोडली असतील किंवा बाई गरोदर असेल तर छेद बेंबीच्या वर.

पोटातल्या नळीतून 10 मिली उघडं रक्त आलं की पुढे धुवायची गरज नाही, थेट ऑपरेशन. नाही आलं तर कोमट सलाइन 1 लिटर (मुलांत किलोला 10 मिली) सोडा, पोट हलक्या हाताने हलवा, बाटली जमिनीवर ठेवून पाणी परत येऊ द्या. निदान 300 मिली परत यायला हवं, नाहीतर निकालावर विसंबू नका. त्या पाण्याची नळी छापील कागदावर धरली आणि अक्षरं वाचता आली नाहीत, तर बहुधा पॉझिटिव्ह. लॅबचा आकडा: घन मिलिमीटरमागे लाल पेशी 1 लाखावर किंवा पांढऱ्या 500 वर. पित्त, अन्नाचे कण, जंतू दिसले तरी पॉझिटिव्ह.

डीपीएलचा दोष म्हणजे अतिसावधपणा. थोडंसं रक्तही ते पकडतं, मग आपोआप थांबणाऱ्या जखमेसाठीही पोट उघडलं जातं. पोटामागचा रक्तस्राव मात्र हुकतो. पोटाचं जुनं ऑपरेशन झालेलं असेल तर नळी आतड्यात घुसण्याची भीती. आणि ऑपरेशन करायचंच ठरलं असेल तर यातलं काहीच करत बसू नका.

डीपीएल करून पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीवर लिहा: किती सलाइन घातलं, किती परत आलं. आत राहिलेलं पाणी पुढच्या सोनोग्राफीत रक्तासारखंच काळं दिसतं.