फोन दीड दिवस शांत होता

बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कधी कुठल्या नंबरवरून बोलावणं येईल याचा नेम नव्हता, म्हणून वाजेल तो फोन मी उचलत होते. उचलावा तर कर्जवाले, विमावाले, बक्षीसवाले, नाहीतर पलीकडे कुणीच नाही. दिवसाला पंधरा-वीस तरी. प्रत्येक रिंगला काळजात धस्स व्हायचं आणि कानाला लावला की रेकॉर्ड केलेला आवाज सुरू व्हायचा. मी एकेक नंबर ब्लॉक करत होते. ती यादी शंभरावर गेली तरी फोन काही कमी होईनात.

का होईनात, ते नंतर कळलं. स्क्रीनवर दिसणारा नंबर ही कॉल निघतो तिथून पुढे पाठवलेली नुसती माहिती असते. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, तसंच. इंटरनेटमार्फत घाऊक कॉल करणाऱ्यांना ते नाव बदलता येतं. आज हा नंबर, उद्या तो, कधी मुद्दाम आपल्याच नंबरशी मिळताजुळता, म्हणजे ओळखीचा वाटावा. मी ब्लॉक करत होते ते नंबर बहुतेक त्यांनी वापरून टाकून दिलेले होते, किंवा ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही अशा कुणाचे तरी. एवढं तेव्हा माहीत असतं, तर "कायमचे बंद करून देतो" या शब्दांवर मी विश्वास ठेवला नसता.

ते शब्द बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ऐकले. "मॅडम, फोन कंपनीच्या तक्रार विभागातून बोलतोय. तुमच्या नंबरवर नको असलेले कॉल फार येतायत, असं आमच्या सिस्टिमवर दिसतंय. बरोबर ना?"

बरोबरच होतं. हा प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर "हो" असंच येणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, शेवटी कुणीतरी दखल घेतली. मी त्याला बाबांचं सगळं सांगत बसले. ऐकता ऐकता त्याने विचारलं, "आता कसे आहेत ते?" पैशांपेक्षा हा प्रश्न मला अजून जास्त टोचतो.

मग त्याने मेसेजवर एक फाईल पाठवली. स्पॅम कॉल अडवणारं ॲप, आमच्या ग्राहकांसाठीच आहे, म्हणून ॲप स्टोअरवर मिळणार नाही, असं म्हणाला. इथून पुढचं मी बारकाईने सांगते, कारण माझ्या फोनने मला तीन वेळा अडवलं होतं आणि तिन्ही वेळा मीच बोटाने वाट मोकळी करून दिली.

पहिल्यांदा, अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप बसवायचं का, असं फोनने विचारलं. "तो नेहमीचाच मेसेज आहे, परवानगी द्या." दिली. ॲप तपासणारं जे संरक्षण फोनमध्ये असतं, तेही त्याने पाच मिनिटांसाठी म्हणून बंद करायला लावलं. ते पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं.

दुसऱ्यांदा, ॲपने विचारलं की मेसेजसाठी मला मुख्य ॲप करणार का? मी विचारलं, कॉल अडवायला मेसेज कशाला लागतात? त्याच्याकडे उत्तर तयार होतं: "मॅडम, स्पॅम मेसेजही बंद होतील, एकाच वेळी दोन्ही कामं." मला तो फायदाच वाटला. मेसेजचं मुख्य ॲप बदललं की येणारा प्रत्येक मेसेज आधी त्या नव्या ॲपच्या हाती पडतो. तुम्हाला दाखवायचा की गिळून टाकायचा, हे तेच ठरवतं. बँकेचा ओटीपीही मेसेजनेच येतो.

तिसरी अडवणूक सगळ्यात मोठी होती. तो मला सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत घेऊन गेला. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांना फोन वापरता यावा म्हणून ही सोय आहे. ज्या ॲपला ती मिळते, त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबता येतात. त्या ॲपचं बटण करडं होतं, दाबलं तर "प्रतिबंधित सेटिंग" अशी सूचना आली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून हे कुंपण घातलेलं आहे, नेमकं अशाच बाहेरून आणलेल्या ॲपसाठी. त्या माणसाला ते तोंडपाठ होतं. "आता ॲपच्या माहितीवर जा. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतायत? दाबा. प्रतिबंधित सेटिंगला अनुमती द्या. आता परत या." करडं बटण उजळलं. तो "शाब्बास" म्हणाला आणि मला बरं वाटलं.

लगेच ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं झालं. "ते मागे राहून काम करतं," असं त्याने सांगितलं.

शेवटचं काम ॲपचं नव्हतंच. त्याने एक नंबर लिहून घ्यायला सांगितला. "हा तुमचा तक्रार क्रमांक. फोन ठेवल्यावर स्टार, स्टार, २१, स्टार, मग हा क्रमांक आणि शेवटी हॅश, असं डायल करा. स्क्रीनवर कॉल फॉरवर्डिंग असं येईल, घाबरू नका. स्पॅम कॉल आमच्याकडे वळवतोय म्हणून तसं येतं." मी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि अक्षर न अक्षर तसंच डायल केलं. नोंदणी यशस्वी, असं आलं. वरच्या पट्टीत फोनचं एक बारीक चिन्ह उमटलं, बाण बाहेर गेलेला. मला वाटलं, हीच ब्लॉकिंग सुरू झाल्याची खूण.

आणि फोन खरंच शांत झाला. बुधवारची दुपार, संध्याकाळ, रात्र, एकही कॉल नाही. एकही मेसेज नाही. त्या रात्री हॉस्पिटलमध्ये दादा होता. मी फोन उशाशी ठेवून कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

गुरुवारी दुपारी दादा दारात उभा. चेहरा उतरलेला. "काल संध्याकाळपासून फोन करतोय, रिंग जाते आणि तू उचलत नाहीस. डॉक्टरांना तुझ्याशी बोलायचं होतं." मी म्हटलं, फोन वाजलाच नाही. त्याने माझ्यासमोर उभं राहून नंबर लावला. त्याच्या कानाशी रिंग वाजत होती आणि माझ्या हातातला फोन ढिम्म. तेव्हा माझे पाय लटपटायला लागले.

तो कोड स्पॅम कॉल वळवणारा नव्हताच, तो सगळेच कॉल वळवणारा होता. स्पॅमही, दादाचाही, डॉक्टरांचाही. आणि व्यवहार संशयास्पद वाटल्यावर बँकेने खात्री करून घ्यायला केलेले दोन कॉलही. ते त्या माणसाने उचलले आणि "हो, व्यवहार मीच केलाय" असं उत्तर मिळालं. व्हॉट्सॲपसारख्या ज्या ॲपवर नातेवाईकांशी बोलते, त्यातून मी आपोआप बाहेर पडले होते, मी समजले काहीतरी अपडेट असेल. तिथला पडताळणीचा कोड बोलून सांगणारा कॉल येतो, तोही तिकडेच गेला होता. माझ्या नावाने माझ्या मावशीकडे बाबांच्या उपचारासाठी पैसे मागितले गेले आणि तिने एका शब्दाने न विचारता पाठवले. बाबा आजारी आहेत हे त्याला मीच सांगितलं होतं.

खातं पाहिलं तर बचतीतलं जवळजवळ सगळं गेलेलं. इथे मी घाबरून ज्या चुका केल्या त्या नीट वाचा, कारण फसवणूक कळल्यानंतरच्या पहिल्या तासात माझं आणखी नुकसान झालं.

मी सगळ्यात आधी बँकेचा पासवर्ड बदलला, त्याच फोनवरून. ते ॲप स्क्रीन वाचत होतं, म्हणजे नवा पासवर्ड मी टाइप करत असतानाच पलीकडे पोहोचला. उरलेली रक्कम त्यानंतरच्या दहा मिनिटांत गेली. फोन विमान मोडवर टाकून वायफाय बंद करायला हवं होतं, आणि दादाच्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवायला हवं होतं. ते केलं, पण उशिरा. बँकेतल्या बाईंनी खातं आणि कार्ड गोठवलं आणि मग शांतपणे एकेक गोष्ट करून घेतली.

ॲप काढायला गेले तर काढता येईना. यादीत नाव सापडलं, पण "काढून टाका"वर बोट जायच्या आत स्क्रीन आपोआप मागे उडी मारायची. पाच-सहा वेळा तसं झालं. ते ॲपच माझ्या वतीने मागे जायचं बटण दाबत होतं. डोळ्यांसमोर आपला फोन दुसऱ्याच्या हुकमात चालताना पाहणं फार भयंकर असतं. शेवटी फोन सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात बाहेरून बसवलेली ॲप झोपलेली असतात. तिथे ते निघालं. तरी भरवसा नव्हता, म्हणून नंतर फोन पूर्ण पुसून कोरा केला.

कोरा केल्यावर वाटलं, सुटलो. दादाने फोन लावून पाहिला, तर अजूनही वाजेना! कॉल वळवण्याची नोंद फोनमध्ये नसते, कंपनीच्या नेटवर्कमध्ये असते. फोन पुसा, फोडा, नवा आणा, सिम तेच असेल तर कॉल तिकडेच जात राहतात. त्यासाठी हॅश, हॅश, ००२, हॅश डायल करावं लागतं, त्याने सगळ्या प्रकारचं वळवणं एकदम रद्द होतं. चालू आहे की नाही हे तपासायला स्टार, हॅश, २१, हॅश. जीएसएम पद्धतीच्या नेटवर्कसाठी ठरलेले हे कोड आहेत. एखाद्या कंपनीच्या सेवेत चालले नाहीत, तर फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग पाहा. हे वाचून झाल्यावर लगेच एकदा तपासा, आणि घरातल्या थोरामोठ्यांच्या फोनवरही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. गेलेल्यातलं अजून काही परत आलेलं नाही. मावशी म्हणते, जाऊ दे. मला जाऊ देता येत नाही.

ज्यासाठी मी हे सगळं ओढवून घेतलं, ते माझ्या फोनमध्ये आधीपासून होतं. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या कॉल ॲपमध्येच स्पॅम ओळखण्याची सोय असते. वेगळं ॲप हवंच असेल तर अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, "कॉलर आयडी आणि स्पॅम ॲप" अशी वेगळी जागा सेटिंग्जमध्ये आहे. तिथे नेमलेल्या ॲपला येणारा कॉल अडवायला तुमचे मेसेज वाचायची गरज लागत नाही. आयफोनवर तर असं ॲप नुसती नंबरांची यादी फोनच्या स्वाधीन करतं, कोणाचा कॉल आला हे त्याला कळतही नाही. म्हणून कॉल अडवायला जो मेसेज, ॲक्सेसिबिलिटी किंवा स्क्रीन मागतो, त्याला तिथेच थांबवा, तो कितीही गोड बोलत असला तरी.

माझी अडचण वेगळी होती, अनोळखी नंबर गप्प केले तर हॉस्पिटलचा कॉल चुकेल ही. आयफोनवर २०१९ पासून अनोळखी कॉल गप्प करण्याचं बटण आहे, पण त्यात हॉस्पिटलचाही नवा नंबर गप्प होतो, म्हणून मला ते उपयोगाचं नव्हतंच. आता मी वॉर्डचे, डॉक्टरांचे, औषधांच्या काउंटरचे सगळे नंबर नावानिशी साठवून ठेवलेत. "व्यत्यय आणू नका" हा मोड लावून त्यात साठवलेल्या नंबरांना परवानगी दिली की फक्त तेच वाजतात. शिवाय त्यात पुन्हा आलेल्या कॉलला सूट देता येते: त्याच नंबरवरून अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, आयफोनवर ३ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. ज्याला खरंच गरज आहे तो दुसऱ्यांदा लावतोच. नर्सबाईंना मी तसं सांगून ठेवलंय, "लागला नाही तर लगेच परत लावा." बाबा घरी येईपर्यंत त्यांचा एकही कॉल चुकला नाही.

तीन आठवड्यांनी एक फोन आला, दुसऱ्यांदा लागला म्हणून वाजला. बाईचा आवाज, फार आपुलकीचा. बुधवारची तारीख तिला माहीत होती, गेलेली रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत माहीत होती. ती म्हणाली, तुमचे पैसे सापडलेत, परत मिळवायला फक्त एक छोटं ॲप बसवावं लागेल. एकदा फसलेल्यांचे नंबर पुन्हा वापरले जातात, हे बँकेतल्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. ती अजून बोलत होती. "वडील आता बरे आहेत ना?" असं ती विचारत असताना मी फोन ठेवला.